पत्ता बघून गुन्हा

नवापूर स्टेशनवर एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, घोषणा चार भाषांत. सुरत-भुसावळ मार्गावरचे हौशी प्रवासी गाडी थांबली की उतरतात, बाकावर बसून सेल्फी काढतात आणि पळत डब्यात चढतात.

समजा, त्या बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकावर एक माणूस बसलाय आणि त्याच्या पिशवीत दारूची एक बाटली आहे. तो हातभर सरकला. माणूस तोच, बाटली तीच, बूचसुद्धा उघडलेलं नाही.

पण आता तो आरोपी आहे.

दोन्ही बाजूंचा कायदा मुळात एकच होता, हे किती जणांना ठाऊक आहे? मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. १९६० साली राज्यं वेगळी झाली, तेव्हा तोच कायदा दोघांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रानं त्यातून परमिट रूम काढली. गुजरातेनं २०१७ पर्यंत त्याची धार इतकी वाढवली की दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं याला दहा वर्षांपर्यंत कैद.

मग गुन्हा नेमका कुठं असतो? बाटलीत, पोटात, की बाकावरच्या रेघेत?

हॉवर्ड बेकर नावाचा एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता. तरुणपणी शिकागोच्या क्लबांत जाझ पियानो वाजवायचा. पोटापुरते पैसे, रात्रभर जागरण आणि सभ्य लोक ज्यांना वाया गेलेले म्हणतात अशांची संगत. १९६३ मध्ये त्यानं ‘आउटसायडर्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं म्हणणं सोपं होतं. कुठलंही कृत्य जन्मतः गुन्हा नसतं. काही लोक नियम करतात, काही लोक तो ठरावीक माणसांना लावतात, आणि ज्याच्यावर शिक्का बसतो तो गुन्हेगार ठरतो.

याचा अर्थ खून आणि पानपट्टीची उधारी सारखीच, असा काढू नका. खून तो खूनच. प्रश्न पुढचा आहे: शिक्का घेऊन फिरणारा हात कुठल्या गल्लीत वळतो?

सुरतेत त्या हाताला रस्ता पाठ आहे.

दारूचंच बघा. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारनं गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत दारूला मुभा दिली. तिथं काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना. बड्या कंपन्या याव्यात म्हणून. आल्या तर चांगलंच आहे. पण पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये बारा तास उभं राहून रंगाची वाफ छातीत घेणारा मजूर संध्याकाळी जी पोटली विकत घेतो, तिच्यात काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ वरेलीत विषारी दारूचं लठ्ठाकांड झालं. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसहून जास्त माणसं गेली. मेले कोण? रोजंदारीवाले.

एकाच राज्यात एकाच गोष्टीला वर परवाना, खाली विष. याला दारूबंदी म्हणायचं?

विल्यम चॅम्ब्लिस नावाच्या दुसऱ्या एका अभ्यासकानं १९७३ मध्ये एका शाळेतल्या पोरांच्या दोन टोळक्यांवर लेख लिहिला. एकीकडे चांगल्या घरची आठ पोरं, दुसरीकडे गरीब वस्तीतली सहा. शाळा दोघंही बुडवायचे, दारू दोघंही प्यायचे, मोडतोड दोघंही करायचे. पहिल्या आठांतल्या एकालाही अटक झाली नाही. दुसऱ्या सहांच्या मागे पोलीस कायमचे. कारण काय? पहिल्यांकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालत. शिवाय पकडले गेले की अदबीनं बोलत. दुसरे चौकात उभे असत, सगळ्यांना दिसत.

डुमस रोडवर रात्री दोन वाजता गाड्या उडवतात त्यांना आपण काय म्हणतो? पोरं मस्ती करतात. लिंबायतच्या नाक्यावर रात्री अकराला चार पोरं नुसती उभी असतात त्यांना काय म्हणतो? टपोरी.

आणि त्यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी अहिराणी बोलतात. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, पांडेसरा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या दोन-तीन पिढ्या इथं राहतात. गावाकडे त्यांना ‘सुरतवाले’ म्हणून मान. इथं भाड्याची खोली बघायला गेले की पहिला प्रश्न, मूळ गाव कुठलं? मग पोलिसांकडे भाडेकरूची नोंद. फोटो, आधार कार्ड, गावचा पत्ता, ओळखणाऱ्या दोघांची नावं. घरमालकानं नोंद केली नाही तर त्याच्यावर जाहीरनामाभंगाचा गुन्हा. नोंद असायला कुणाची हरकत नाही. पण याच शहरात एका माणसाच्या नावावर बारा खोल्या आहेत, तिथं एका खोलीत दहा कामगार पाळीपाळीनं झोपतात, संडास एक. त्या मालकाच्या मूळ गावाची चौकशी कुणी केली आहे का?

चौकशी नेहमी झोपणाऱ्याची होते. भाडं मोजणाऱ्याची नाही.

आता घरांकडेच वळू, कारण खरी मेख तिथं आहे.

सुरतेत रेल्वेच्या रुळालगत उत्राणपासून भेस्तानपर्यंत झोपड्या होत्या. हजारो. सुरत-उधना ते जळगाव ही तिसरी लाइन टाकायची म्हणून त्या हटवायच्या ठरल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आला. जागा रिकामी करा, आणि पाडलेल्या झोपडीमागे महिना दोन हजार रुपये, सहा महिने. म्हणजे एकूण बारा हजार. सुरतेत बारा हजारांत काय मिळतं? खोलीचं डिपॉझिटसुद्धा पुरत नाही.

ती लाइन हवीच. खानदेशातल्या माणसाला तिची गरज आहेच. पण ज्यांच्या झोपड्या त्या लाइनसाठी गेल्या, त्यांत त्याच मार्गानं सुरतेला आलेले किती असतील?

आता नाण्याची दुसरी बाजू. गुजरातेत इम्पॅक्ट फी नावाची सोय आहे. २०११ चा कायदा, २०२२ मध्ये पुन्हा नवा. तुम्ही परवानगीपेक्षा जास्त बांधलंय? पार्किंगची जागा कमी सोडली आहे? गाळे वाढवलेत? अर्ज करा, ठरलेली फी भरा, पावती घ्या. अनधिकृत होतं ते अधिकृत. अर्जाची मुदत संपली की वाढते. परत संपली की परत वाढते.

दोघांनीही नियम मोडून बांधलं. एकानं पत्र्याचं, एकानं सिमेंटचं. पत्रेवाल्याला बुलडोझर, सिमेंटवाल्याला पावती.

अतिक्रमण हा गुन्हा आहे की नाही, ते अतिक्रमण किती मजल्यांचं आहे यावर ठरतं, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

झोपड्यांच्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. रेल्वेच्या जागेवर हे सगळं होऊ देणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाई करा. झोपड्या पाडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. अधिकाऱ्यांवरच्या कारवाईचा फोटो कुणी पाहिलाय?

२४ मे २०१९. सरथाणा, तक्षशिला आर्केड. गच्चीवर शेड ठोकून क्लास चालवलेला, बसायला टायर, जायला-यायला लाकडी जिना. खाली आग लागली, तो जिना गेला, आणि वर पोरं अडकली. अग्निशमन दलाची शिडी तिथपर्यंत पोचली नाही. पोरांनी वरून उड्या टाकल्या, सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. बावीस गेली.

गुन्हा त्या दिवशी दाखल झाला. पण घडला कधी? शेडचा पहिला पत्रा चढला तेव्हा. भर रस्त्यावरच्या इमारतीवर, भर दिवसा, महापालिकेच्या डोळ्यांदेखत. त्या पत्र्याला तेव्हा कुणी गुन्हा म्हटलं नाही. तो ‘ॲडजस्टमेंट’ होता. क्लासचालक पकडला गेला, बिल्डर पकडले गेले, काही अधिकारीही आत गेले. बावीस चिता पेटल्यावर.

६ जानेवारी २०२२. सचिन जीआयडीसी. पहाटे एका टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला गेला, वायू पसरला, शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले. झोपेत असलेल्यांना उठायलाही मिळालं नाही.

सुरतेत चौकाचौकांत पोलिसांचे कॅमेरे आहेत. चेहरा ओळखणारी यंत्रणा इथं देशात बऱ्याच आधी आली. चेन ओढणारा सापडतो, चांगली गोष्ट. सिग्नल तोडणारा सापडतो, तीही चांगली. मग इतका मोठा टँकर नाल्यापर्यंत जातो कसा? आणि त्या पहाटेच्या आधी असे किती टँकर जाऊन आले असतील?

एडविन सदरलँडनं हाच प्रश्न १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत विचारला होता. गुन्हा गरिबीतून येतो म्हणता, मग कोट घालून केलेले गुन्हे कुठं मोजता? पुढं त्यानं सत्तर मोठ्या कंपन्यांच्या नोंदी काढल्या. एकही कंपनी स्वच्छ निघाली नाही. सरासरी प्रत्येकीविरुद्ध चौदा निर्णय. १९४९ मध्ये पुस्तक निघालं, पण कंपन्यांची नावं गाळून. प्रकाशकाला खटल्याची भीती. नावांसकट पुस्तक आलं १९८३ मध्ये. सदरलँड तोपर्यंत जाऊन तेहतीस वर्षं झाली होती.

पाकीटमाराचा फोटो ठाण्याच्या फळ्यावर लागायला एक दिवस पुरतो.

आता सुरतेहून तासाभरावर, बारडोलीला चला. १९२८ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरायचं नाकारलं. सरकारच्या लेखी ते कायदा मोडणारे होते. जमिनी जप्त झाल्या, गुरं ओढून नेली. बारडोलीनं माघार घेतली नाही. वल्लभभाई इथंच सरदार झाले. कायदा मोडणं कधी कधी सर्वात मोठं नागरिकत्व असतं, हे या देशाला बारडोलीनं शिकवलं, आणि त्याबद्दल कायम ऋणी राहायला हवं.

पण त्याच शेतांत हाळी होते. दुबळा, म्हणजे आताचे हळपती. मालकाकडे लग्नासाठी कर्ज काढायचं आणि पिढ्यान् पिढ्या राबून फेडायचं. त्यांचा सारा कुणी माफ केला?

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकात दक्षिण गुजरातेत आले आणि पुढची कित्येक दशकं याच माणसांबद्दल लिहीत राहिले. बारडोलीत साखर कारखाने आले, तेव्हा ऊस तोडायला शेजारचे हळपती नकोत, दुरून आलेली माणसं हवीत, असं कारखान्यांनी ठरवलं. दुरून म्हणजे कुठून? आपल्या खानदेशातून. धुळे, नंदुरबारकडून. ब्रेमननी १९७० च्या दशकात त्यांच्यावरच लिहिलं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. हंगामात दहा हजारांची उचल पंधरा हजार म्हणून कापून घेतली जाते. सहा-आठ महिन्यांत पन्नास टक्के. पडाव म्हणजे उघड्या रानात प्लॅस्टिक ताणून केलेली खोपटी. पहाटे बाई आधी भाकरी थापते, मग उसाच्या मोळ्या बांधायला जाते, रात्री उशिरा गाडी भरायची वेळ आली तर परत उठते. पोर पाचटावर झोपलेलं. दर टनावर, आणि तो टन दोघांचा मिळून. सरकारनं किमान दर २३८ रुपयांवरून ४७६ केला, तो अगदी अलीकडे.

आता समजा, एक कोयता हंगामाच्या मध्येच पळून गेला. लेक आजारी पडली, मुकादमानं सोडलं नाही, रात्रीतून गेले. सकाळी मुकादम काय म्हणतो? चोर. बुडवून गेला. मग त्याच्या गावात जाऊन शोध, भावाला दम, पुढच्या वर्षी त्या घराला उचल बंद.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं या देशात बंद आहे. उचलीच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाऊ न देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्यानं पाहिलं तर आरोपी कोण? पळालेला की पळू न देणारा?

गावात बोट मात्र पळालेल्याकडेच जातं.

दोन वर्षांच्या अंतरानं सुरतेनं आणखी दोन प्रसंग पाहिले. मार्च २०२०, पांडेसरा. टाळेबंदीत अडकलेले कामगार रस्त्यावर आले. मागणी एकच, घरी जाऊ द्या. अश्रुधूर, नव्वदहून जास्त लोकांची धरपकड. एप्रिलमध्ये लसकाण्याला ओडिशाचे कामगार उतरले. परत गुन्हे, परत अटका. दगडफेक झाली, हे खरं. ती चूकच. पण काम बंद, पगार नाही, खानावळ बंद, गाडी नाही, आणि एका खोलीत दहा जण, अशा माणसाला ‘घरातच थांबा’ म्हणणाऱ्यांनी घर म्हणजे नेमकं काय समजून ते म्हटलं होतं?

जून २०२२, डुमस रोड. महाराष्ट्रातले बंडखोर आमदार रातोरात सुरतेच्या पंचतारांकित हॉटेलात आले. बाहेर पोलीस होते, पण बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गुवाहाटी. कुणी गद्दारी म्हटलं, कुणी उठाव म्हटलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती बेकायदा होती, नवा प्रतोद नेमला तोही बेकायदा. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला: अपात्र कुणीच नाही.

नियम मोडला गेला, पण मोडणारा कुणीच सापडला नाही. पांडेसऱ्यात एका रात्रीत नव्वद सापडले होते.

हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांना मी सुरतेचंच उदाहरण देतो. सप्टेंबर १९९४ मध्ये इथं प्लेग आला. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले. खानदेशच्या गाड्यांतून उतरणाऱ्यांकडे लोक संशयानं बघत. देशातलं सर्वात घाण शहर, हा शिक्का साऱ्या जगानं मारला. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी काय केलं? हातोडा बड्यांच्या बेकायदा बांधकामांवरही चालवला. नावाजलेल्या हॉटेलांना, मिठाईच्या दुकानांना अस्वच्छतेबद्दल दंड केले. अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, स्वतःही उतरले. दोन वर्षांत शहर ओळखू येईना. जानेवारी २०२४ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली, त्याचा पाया तेव्हाचा.

बड्याचा ओटा तुटतो हे दिसलं की हातगाडीवाला आपणहून शिस्तीत येतो. हे सुरतेनं करून दाखवलंय. मग विसरली कशी?

आजची तऱ्हा वेगळी आहे. गुजरातेत १९८५ पासून पासा कायदा आहे. खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं. २०२० मध्ये त्याचं जाळं आणखी रुंद केलं. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी आदेश काढला, १०० तासांत समाजकंटकांची यादी तयार करा. मग त्यांची बेकायदा घरं शोधा, वीजजोडण्या तपासा. सर्वोच्च न्यायालयानं चारच महिने आधी बजावलं होतं की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस द्यावीच लागेल. यादी मात्र १०० तासांत झाली. गुंडाला धाक हवाच. वस्तीतल्या माणसाला तो तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त हवा असतो, कारण गुंड त्याच्या दारात उभा असतो.

मग आता दुसरी यादी करा. तक्षशिलाच्या गच्चीकडे मान वर करून न बघणाऱ्यांची. सचिनच्या नाल्यावर रात्री टँकर सोडणाऱ्यांची आणि सोडू देणाऱ्यांची. दहाचे पंधरा करणाऱ्या मुकादमांची, आणि त्यांच्या वह्या ज्यांच्या हिशेबात जमा होतात त्या कारखान्यांची. तिला १०० तास पुरणार नाहीत, हे मान्य. इम्पॅक्ट फीच्या अर्जाला जितक्या वेळा मुदत वाढवून दिली, तितक्या वेळा याही यादीला द्या. पण सुरुवात या आठवड्यात करा.